आप्पा जागे आहेत

आमच्या शेजारचे बबनआप्पा गेली एकेचाळीस वर्षं झोपलेले नाहीत.

हे माझं म्हणणं नाही हं, त्यांचं आहे. पाटसला आमच्या गल्लीत येऊन कुणालाही विचारा, "आप्पा झोपतात का हो?" माणूस आधी हसेल, मग मागंपुढं बघेल आणि हळूच म्हणेल, "झोपतात की. पण त्यांच्यासमोर म्हणू नका." कारण आप्पांचं घोरणं आमच्या गल्लीतच काय, पलीकडं हायवेच्या थांब्यावर एसटीची वाट बघणाऱ्यांनाही ऐकू जातं. रोज दुपारी दोनच्या सुमाराला आप्पा ओट्यावरच्या बाजेवर तोंडावर टॉवेल टाकून आडवे होतात. पाच मिनिटांत उसाची ट्रॉली चढाला लागल्यासारखा आवाज सुरू होतो. मधेच तो एकदम बंद पडतो. आपल्याला वाटतं, चला, सुटलो. तेवढ्यात फुस्सकन वाफ सुटते आणि ट्रॉली पुन्हा चढाला लागते.

लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा मी नवीन होते, मला काही माहीत नव्हतं. एकदा आप्पा उठून बसले तसं मी चांगल्या मनानं विचारलं, "झाली का झोप, आप्पा?"

टॉवेल बाजूला झाला. डोळे जास्वंदीसारखे लाल.

"कोण झोपलं?"

"तुम्ही."

"मी इचार करत हुतो."

"घोरत?"

"बॉयलरवाल्याचा इचार आवाज करतो," आप्पा म्हणाले, आणि शेजारची वही उचलून त्यांनी त्यात काहीतरी लिहिलं. पुढं मला कळलं, त्यांनी लिहिलं होतं: 'दुपारी ३.२०. शेजारची नवी सून. फालतू चौकशी.'

तर ही वही. आप्पांना समजून घ्यायचं तर आधी वही समजून घ्यायला हवी. छत्तीस वर्षं ते साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. बॉयलर म्हणजे कारखान्याचं पोट. त्यात पाणी किती, वाफेचं प्रेशर किती, हे दर तासाला लॉगबुकात लिहायचं, खाली सही करायची. आप्पांचं आयुष्य त्या लॉगबुकात गेलं. रिटायर झाल्यावर कारखान्यानं शाल दिली, नारळ दिला, बॉयलर काही दिला नाही. मग आप्पांनी घरालाच बॉयलर केलं. घरात रजिस्टरं आली. म्हैस किती वाजता उभी राहिली, नळाला पाणी कधी आलं, मांजर कुठल्या दिशेनं गेलं, सगळ्याची नोंद. मी सकाळी कामाला निघाले की ओट्यावरून आवाज येतोच, "आठ-दहा! काल आठ-पाच हुती!" माझी सासू सुद्धा मला एवढं घड्याळ दाखवत नव्हती.

"नोंद हाय का?" हा आप्पांचा आवडता प्रश्न आणि "नोंद न्हाई, तर घडलंच न्हाई" हे त्यावरचं त्यांचं उत्तर. गल्लीत भांडण झालं की दोन्ही पार्ट्या आप्पांकडं येतात. कुणाच्या शेळीनं कुणाची मेथी खाल्ली, वेळेसकट सापडतं. माझ्या नणंदेच्या लग्नात आप्पांनी मांडवात बसून लिहिलेलं पान माझ्याकडं अजून आहे: 'मुहूर्त १२.२१. अक्षता १.५८. लेट १ तास ३७ मिनिटं. कारण: नवरदेवाचा फेटा.' नवरदेवाकडचे लोक ते वाचून भडकले होते. आप्पा शांतपणे म्हणाले, "कारण चुकीचं असलं तर दुसरं सांगा, खाडाखोड करून सही करतो."

आणि या सगळ्या रजिस्टरांत, शपथेवर सांगते, 'झोप' हा शब्द एकदाही नव्हता. बॉयलरवाला झोपला तर कारखाना उडतो. म्हणून बॉयलरवाला झोपत नाही. नोंद नाही, तर घडलंच नाही.

आता यमुनाकाकी. आप्पांच्या बायको. माहेर शिरूरकडचं, अंगानं काडी, तोंडानं गोड. घरामागं दहा गुंठे शेवंती लावतात आणि तोडतात स्वतःच. त्यांना कुणी विचारलं, "काय हो काकी, आप्पा खरंच झोपत नाहीत?" तर काकी अगदी देवासमोर उभं राहिल्यासारखा चेहरा करून सांगायच्या, "न्हाई बाई. ह्यांना झोपच न्हाई." इतक्या गंभीरपणे, की विचारणाराच खजील व्हावा.

गंमत म्हणजे काकी स्वतः जिथं बसतील तिथं झोपायच्या. कीर्तनात महाराजांनी पहिला अभंग घेतला की काकींची मान खाली. एसटीत बसल्या की कंडक्टरला तिकिटासाठी हलवून उठवायला लागायचं. हळदीकुंकवाला वाण हातात घेऊन झोपलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आम्ही बायका हसून हसून बेजार. "आप्पांच्या वाटची झोप काकींनी घेतली," हा विनोद माझाच होता. मी तो चारचौघींत किती वेळा केला असेल! आता आठवलं की जीभ चावते.

मी दौंडला हृदयाच्या एका छोट्या दवाखान्यात टेक्निशियन आहे. लोकांच्या छातीला वायरी लावून ठोक्यांचे कागद काढायचे, हे माझं काम. गेल्या गळीत हंगामात, कारखाना चालू होता तेव्हा, एका सकाळी काकी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सुरेखा, ह्यांची छाती बघ की गं एकदा तुझ्या मशिनीत."

"का? काय होतंय?"

"काय न्हाई. बघ आपलं."

"दुखतं का? धाप लागते?"

"न्हाई गं. तू बघ तर. मशीन सांगंल."

एवढंच. आता मला तरी आठवायला हवं होतं, की महिन्यापूर्वी शाळेच्या कार्यक्रमात पाहुणे म्हणून बसवलेले आप्पा मुलांचं लेझीम चालू असताना खुर्चीत कलंडले होते. हेडमास्तरांनी पाणी शिंपडल्यावर म्हणाले, "इचार करत हुतो." दुसरं कुणी असतं तर मी त्याच दिवशी ओढून नेलं असतं. पण आप्पा म्हटलं की आम्ही सगळे आधी हसायचो आणि मग विसरायचो.

तर नेलं. आमच्या डॉक्टर मॅडम तरुण, हुशार आणि पेशंटचं शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्या. आप्पांनी त्यांना बघितल्या बघितल्या 'चीफमॅडम' करून टाकलं, कारण त्यांच्या हिशेबी जगात सगळ्यात वर चीफ इंजिनिअर असतो. साधा ईसीजी काढला, तो ठीक निघाला. मॅडम म्हणाल्या, "चोवीस तासांचं होल्टर लावू."

होल्टर म्हणजे काय, तर छातीला चिकटवलेल्या वायरी आणि कमरेला एक डबी. ती डबी दिवसरात्र प्रत्येक ठोका लिहून ठेवते. बरोबर एक कागद देतात. किती वाजता जेवलात, चाललात, झोपलात, चक्कर आली का, हे पेशंटनं त्यावर लिहायचं, म्हणजे कुठला ठोका कुठल्या वेळचा ते आम्हाला जुळवता येतं. लोक त्या कागदावर 'जेवण', 'झोप' असं दोन ठिकाणी खरडतात आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवतात.

आप्पांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. उलटा करून पाहिला. चेहरा असा उजळला, की मला भरूनच आलं.

"म्हंजी लॉगबुक?"

"हो, तसंच."

"डबी रीडिंग घेणार, आन् मी लिवणार?"

"हो."

"मग ह्यो कागद पुरायचा न्हाई," आप्पा म्हणाले. येताना दौंडच्या बाजारातून त्यांनी दोनशे पानी नवं रजिस्टर घेतलं, वर रकाने आखले आणि एसटीतच पहिली नोंद केली: '१२.४०. खिडकीची सीट मिळाली न्हाई.'

दुसऱ्या दिवशी डबी आणि रजिस्टर घेऊन आप्पा इस्त्रीच्या शर्टात हजर. डबी कॉम्प्युटरला लावली आणि मी बघायला लागले. दिवस चांगला होता. रात्री अकरानंतर ठोके मंदावले. एकच्या पुढं माझा माऊस जागच्या जागी थांबला.

सोपं करून सांगते. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून ठोक्याचा निरोप निघतो. मधे एक गाठ असते, ती तो निरोप खाली पोहोचवते, मग खालचा कप्पा आवळतो आणि ठोका पडतो. आप्पांच्या वरच्या कप्प्यातून निरोप निघत होता, पण खाली पोहोचतच नव्हता. पडद्यावर निरोपाचे इवलेसे उंचवटे, बाकी सपाट रेघ. तीन सेकंद. मग ठोका. थोड्या वेळानं पुन्हा रेघ, या वेळी चार सेकंद. पहाटेपर्यंत हेच. दिवसभर बाजेवरून मला घड्याळ दाखवणारा माणूस रात्री असा थांबत थांबत चालला होता. मी मॅडमना हाक मारली.

मॅडमनी पाहिलं आणि रजिस्टर मागितलं. ओळीनं लिहिलं होतं: '१२.०० जागा. १२.३० जागा. १.०० जागा. १.३० जागा, पाणी प्यालो. २.०० जागा. २.३० जागा, कुत्रं भुंकलं. ३.०० जागा, पंखा व्यवस्थित चालू.' प्रत्येकापुढं सही.

"आप्पा," मॅडम म्हणाल्या, "नीट आठवून सांगा. रात्री एक ते चार तुम्ही जागे होता?"

"नोंद हाय की म्याडम."

"जागेपणी जर हृदय असं थांबत असेल, तर मधली गाठच बिघडली म्हणायची. मग पुण्याला जाऊन छातीत पेसमेकर बसवावा लागेल. पण हे झोपेत होत असेल, तर गोष्ट वेगळी. काही लोकांचा घोरताना श्वास अडतो. श्वास अडला की हृदयही मंदावतं. मग आधी श्वासाचा इलाज करायचा, पेसमेकर कदाचित लागणारच नाही. म्हणून विचारते. झोपला होता का?"

"जागा हुतो."

मला राहवेना. "आप्पा, काल रात्री एक ते साडेतीन अख्ख्या पाटसची लाईट गेली होती! आम्ही सगळे अंगणात बसलो होतो. तुमचा पंखा कसा चालू?"

आप्पांनी रजिस्टरात डोकावून पाहिलं. "वाऱ्यानं फिरत हुता," म्हणाले.

मग माझ्या लक्षात आलं. आमचे हे कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जातात, त्यामुळं मला ही कला माहीत आहे. रात्रपाळीची रीडिंगं संध्याकाळीच भरून ठेवायची. सगळीकडं चालतं, कुणी कबूल करत नाही. आप्पांनी जेवण झाल्यावर बसून अख्ख्या रात्रीचं जागरण एकाच पेनानं, एकाच वळणात लिहून टाकलं होतं. कुत्र्यासकट.

मॅडमनाही ते कळलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. एक रात्र झोपेची तपासणी करू. श्वास अडतो का ते त्यात दिसेल."

"जो माणूस झोपत न्हाई, त्याची झोपेची तपासणी कशी करणार?"

"मग पुण्याला जावं लागेल, आप्पा. पेसमेकरसाठी."

"जाऊ की. चिरा छाती, बसवा मशीन. पण झोपलो म्हणून मी सही करणार न्हाई."

घ्या! असला माणूस बघितलाय कुठं? छातीत मशीन बसवून घ्यायला तयार, पण पापणी मिटली म्हणायला तयार नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सोमवारपर्यंत विचार करा. विनाकारण मला कुणाच्या छातीत काही घालायचं नाहीये. आणि श्वास अडत असेल, तर नुसत्या पेसमेकरनं तो चालू होणार नाही."

शनिवारी मला सुट्टी होती. मी तडक आप्पांच्या घरामागं शेवंतीत गेले. काकी फुलांच्या क्रेटवर बसल्या होत्या. हातात फूल, मान खाली. झोपलेल्या.

"काकी!" मी ओरडलेच. "उठा! तुमच्या नवऱ्याचा जीव जायची वेळ आलीय, आणि तुम्ही झोपताय काय? सांगा ना डॉक्टरांना खरं! रात्री झोपतात का नाही ते?"

काकी दचकून उठल्या. मी बरंच बोलले. मॅडम काय म्हणाल्या ते सगळं सांगितलं. काकींच्या हातातलं फूल खाली पडलं.

"म्हंजी मशिनीनं बी ह्यांचंच ऐकलं व्हय?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, मशीन सांगंल, मला सांगाय नको."

"काय सांगायला नको?"

काकी उठल्या. मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. भिंतीवर कॅलेंडर होतं. ते मी शंभर वेळा पाहिलेलं. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा असायच्या. दुधाच्या असतील असं मी धरून चालले होते. सगळ्यांच्याच घरी असतात. मी आता जवळ जाऊन पाहिलं. एकेका चौकोनात वीस, तीस रेघा. परवाच्या गुरुवारच्या, म्हणजे डबी लावलेल्या रात्रीच्या, रेघा तर चौकोनात मावल्या नव्हत्या, शेजारच्या एकादशीवर चढल्या होत्या.

"एवढं दूध?" मी येड्यासारखं विचारलं.

"श्वास हायती ते," काकी म्हणाल्या. "अडकलेले."

मग त्या खाली बसल्या आणि मीही बसले. रिटायर झाल्यापासून, पाचसहा वर्षं, आप्पांचा श्वास रात्री मधेच बंद पडायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा काकी इतक्या घाबरल्या, की पुन्हा त्यांना झोप लागलीच नाही. "घोरणं थांबलं की मी मोजाय लागते. धा… पंधरा… ईस. ईसला न्हाई आला, की कोपरानं ढोसते. मग फुस्सकन येतो. आन् उशाच्या पाटीवर एक रेघ मारते. सकाळी कॅलेंडरावर उतरवते. भोंगा झाला की एक गोल."

भोंगा म्हणजे कारखान्याचा, पहाटे चारचा, पाळी बदलायचा. गुरुवारच्या चौकोनात एक गोल होता, आणि बहुतेक रेघा त्याच्या अलीकडं. माझ्या पडद्यावरच्या सपाट रेघाही चारच्या अलीकडंच होत्या.

"तुम्ही ढोसल्यावर आप्पा जागे होत नाहीत?"

"कशाचे. झोपेतच म्हणतात, 'जागा हाय'. आन् परत घोराय लागतात."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. "अहो पण काकी, मग सांगायचं ना कुणाला तरी!"

"सांगितलं असतं तर ह्यांना कळलं असतं ना."

"काय?"

"की ह्ये झोपतात."

मी कपाळावर हात मारला. काकींनी पदर सारखा केला आणि सांगितलं. लग्न झालं तेव्हा त्या सतरा-अठरा वर्षांच्या. शिरूरकडच्या वस्तीवरून थेट कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आल्या. हंगाम चालू होता. रात्री बॉयलरची जास्तीची वाफ सोडायचे, तेव्हा असा आवाज व्हायचा, की काकी उठून बसायच्या आणि रडायच्या. मग आप्पांनी शब्द दिला, "तू बिनघोर झोप. मी जागा हाय." म्हणाले आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले.

"मग?"

"मग काय. त्यांच्या घोरण्यापुढं वाफेचा आवाज ऐकूच येईना. लागली मला झोप." काकी गालातल्या गालात हसल्या. "सकाळी म्हणले, 'रातभर जागा हुतो.' म्हटलं, व्हय. येवढ्या मायेनं मानसानं शब्द दिला, त्याला खोटं पाडू व्हय? तवापास्नं त्ये झोपत न्हाईत."

सोमवारी आम्ही तिघं दौंडला गेलो. काकींच्या पिशवीत सहा वर्षांची कॅलेंडरं होती. जुनी कॅलेंडरं त्यांनी डब्यांखाली अंथरायला म्हणून ठेवली होती, त्यावर तेलाचे गोल डाग पडलेले. आप्पांना वाटलं, बाजारात काही आणायला पिशवी घेतलीय.

मॅडमसमोर काकींनी ती टेबलावर ठेवली.

"ह्ये काय?" आप्पा म्हणाले.

"नोंद," काकी म्हणाल्या.

मी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी गुरुवारचा चौकोन पाहिला, मग आमचा रिपोर्ट, मग पुन्हा चौकोन. आप्पा काही ऐकत नव्हते. त्यांनी चष्मा चढवला होता आणि ते पानं उलटत होते. लॉगबुक कसं वाचायचं ते आप्पांना कुणी शिकवायला नको. आषाढ, श्रावण, दिवाळी. मागचं वर्ष. त्याच्या मागचं. एकही रात्र कोरी नव्हती. फक्त एका ठिकाणी चार चौकोन मोकळे होते, आप्पांनी तिथं बोट ठेवलं.

"हितं खाडा?"

"भाच्याचं लगीन न्हवतं का शिरूरला. तुमी आला न्हवता." काकी म्हणाल्या. "चार राती तिकडं बी जागीच हुते म्हणा. पण हिकडं रेघ कोण मारणार."

आप्पांनी कॅलेंडर मिटलं. मला वाटलं, आता म्हणतील, मी झोपलो नव्हतो. किंवा चिडतील. पण त्यांचा आवाजच बदलला होता.

"म्हंजी तू जागी हुतीस?"

"व्हय."

"येवढी वर्सं?"

"तुमीच म्हणता न्हवं, कुणीतरी जागं पाहिजे."

मॅडम उगाचच स्टेथोस्कोप गुंडाळत बसल्या. मग आप्पांनी खिशातून पेन काढलं, आपलं नवं रजिस्टर पुढं ओढलं आणि १२.०० पासून सुरुवात केली. 'जागा' या शब्दावर एक आडवी रेघ, वर 'झोपलो', आणि बाजूला छोटी सही. कारखान्यात नियमच असतो, खाडाखोड केली की सही करावी लागते. १२.३०. झोपलो. सही. १.००. झोपलो. सही. '२.३० कुत्रं भुंकलं' इथं जरा थांबले. कुत्रं खोडलं, सही केली. ३.०० ला पंखा खोडला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बंदच आसंल."

"आता बोला चीफमॅडम," रजिस्टर पुढं सरकवून ते म्हणाले, "कवा घेता झोपेची तपासणी?"

तपासणीत सगळं स्पष्ट झालं. झोपेत घसा मिटत होता, श्वास अडत होता आणि त्यानं हृदयाची गती मंदावत होती. मॅडमनी घरी लावायचं मशीन दिलं. नाकावर मास्क, त्याला नळी, नळीतून सारखी हवा. कुणीही दुसरा असता तर म्हणाला असता, ही सोंड मी लावणार नाही. आप्पांनी मात्र मशीन हातात घेतल्यावर पहिलं काय पाहिलं असेल? त्यावर प्रेशर लिहिलेलं होतं. आणि हवेचं ते प्रेशर पाण्याच्या उंचीत मोजतात, हे मी सांगितलं मात्र, आप्पा उभेच राहिले.

"पाण्याची लेवल? आगं, ह्यो तर बॉयलर हाय!"

छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर कारखान्यानं दिला नाही तो बॉयलर आमच्या दवाखान्यानं दिला. आता गल्लीत कुणीही आलं की आप्पा त्याला मशीन दाखवतात. "धा सेंटिमीटर. ष्टेडी. रातभर हलत न्हाई." घोरणं बंद. हायवेच्या थांब्यावरचे लोक म्हणे चौकशी करतात, आप्पा गावाला गेलेत का.

काकींची मात्र पंचाईत झाली. रात्री पोटभर झोप मिळायला लागली, त्यामुळं दिवसा झोप येईना. परवा कीर्तनात पहिल्यांदाच शेवटपर्यंत जाग्या राहिल्या आणि घरी येताना मला म्हणाल्या, "ह्ये महाराज रोज हेच सांगतात का गं? येवढी वर्सं बरं हुतं माझं."

महिन्याभरानं मास्क लावून पुन्हा होल्टर केलं. एकही सपाट रेघ नाही. निरोप निघत होता आणि सरळ पोहोचत होता. मॅडम म्हणाल्या, पेसमेकरचं नाव काढू नका, मशीन रोज लावा, मधून मधून दाखवून जा. मी आनंदानं रजिस्टर उघडलं, जुळवणी करायला. दिवसाच्या नोंदी नेहमीसारख्या, मोत्यासारखं अक्षर. 'रात्री १०.०५ मास्क लावला. प्रेशर १०. झोपलो.' सही. त्यापुढं पान कोरं होतं. आणि पहाटेच्या रकान्यात एकदम अक्षर बिघडलेलं. ओळी चढलेल्या, शब्द एकमेकांवर पडलेले.

"आप्पा, हे काय कोंबडीचे पाय? कळत नाही काही."

"दिवा लावला न्हवता."

"का?"

"ही उठली आसती."

मी पान उजेडात धरलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

'३.४० जाग आली. ही झोपलेली. ३.५० ही झोपलेली. घोरती. ४.०० भोंगा झाला. हलली न्हाई. ४.१० श्वास बराबर. मी जागा हाय.'